न संपणाऱ्या संख्यांची सांगड

आळस हा आपल्या परंपरेने नेहमीच अवगुण मानला आहे. आजचे काम उद्यावर ढकलणाऱ्याला घरात बोल लावले जातात, शाळेत शिक्षा होते आणि कचेरीत त्याची बढती अडते. परंतु संगणकाच्या शास्त्रात गेल्या पन्नास वर्षांत अशा एका आळसाला प्रतिष्ठा मिळाली आहे, की ज्याच्यामुळे अनंत लांबीच्या संख्यामाला माणसाला हाताळता येतात, त्यांची एकमेकींशी बेरीज करता येते, गुणाकार करता येतो, आणि हे सारे करून उत्तरही वेळेवर हाती येते. हा आळस कसा चालतो, दोन, तीन किंवा अधिक अनंत मालांची एकास एक अशी सांगड त्याच्या साहाय्याने कशी घातली जाते, आणि ती घालताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा आज आपण विचार करणार आहोत.

प्रथम संख्यामाला म्हणजे काय ते पाहू. एक, दोन, तीन, चार अशी नैसर्गिक संख्यांची रांग ही सर्वांत परिचित माला होय. गणिताच्या पाठ्यपुस्तकांत तिला क्रमिका म्हणतात. तिला आरंभ आहे, अंत नाही. कागदावर आपण तिचे चार आकडे लिहितो, पुढे तीन टिंबे देतो, आणि वाचणारा उरलेले मनाने समजून घेतो. संगणकाला मात्र टिंबे समजत नाहीत. त्याला सर्व नैसर्गिक संख्या मांडून ठेवण्यास सांगितले, तर तो प्रामाणिकपणे मांडू लागेल आणि स्मृती भरून जाईपर्यंत थांबणार नाही. कष्टाळू नोकराचे हे दुर्दैव आहे. त्याला पहिल्या पाच संख्यांपुरतेच काम होते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

यावर उपाय असा, की माला एकदम तयार करूच नये. तिच्या जागी दोनच गोष्टी ठेवाव्यात. एक हातातला मणी, आणि दुसरी उरलेल्या मालेबद्दलची हुंडी. आपल्या जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी चालत असे. ती दाखवली की रक्कम मिळे. दाखवली नाही, तर रक्कम पेढीतच राही. येथेही तसेच आहे. हुंडी वटवली की एक नवा मणी मिळतो आणि त्याच्याबरोबर पुढची हुंडी मिळते. जितक्या हुंड्या वटवाव्यात तितके मणी. शंभर मणी मागितले तर शंभरच घडवले जातात. एकशे एकावा मणी कल्पनेतच राहतो. शिवाय एकदा वटलेल्या हुंडीच्या जागी तिची रक्कमच लिहून ठेवली जाते, त्यामुळे तोच मणी पुन्हा मागितला, तर तो नव्याने घडवावा लागत नाही. मागणीशिवाय काम नाही, आणि केलेले काम दुसऱ्यांदा नाही, या दोन नियमांत या आळसाचे सारे सार आले.

असा आळस कोठेही शोभत नाही. त्याला विशिष्ट शिस्तीची आज्ञावली लागते, आणि ती शिस्त म्हणजे फलनप्रधान शैली. गणितात फलन म्हणजे असा नियम, की जो ठरावीक मूल्य दिले असता नेहमी ठरावीकच उत्तर देतो. पाचाचा वर्ग सकाळी पंचवीस आणि संध्याकाळी सव्वीस होत नाही. ज्या आज्ञावलीत प्रत्येक फलन असे वागते, आणि एकदा ठरलेले मूल्य कोणी मागाहून बदलत नाही, तेथे गणित आता केले काय किंवा नंतर केले काय, उत्तर एकच येते. म्हणूनच ते पुढे ढकलण्याची मुभा मिळते. उलट, ज्या आज्ञावलीत मूल्ये क्षणोक्षणी बदलतात, तेथे काम लांबणीवर टाकणे धोक्याचे असते. हुंडी वटवण्याच्या दिवशी पेढीतला भाव बदललेला असू शकतो. आळस परवडण्यासाठी आधी सचोटी असावी लागते.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. पीटर लँडिन या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली लागेल तसतशा उलगडणाऱ्या अशा प्रवाहांची कल्पना मांडली. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज या जोडीने, तसेच हेंडरसन आणि मॉरिस या दुसऱ्या जोडीने, मागणीनुसार मूल्य काढण्याची पद्धती स्वतंत्र निबंधांतून सविस्तर सांगितली. इंग्लंडात डेव्हिड टर्नर यांनी त्याच तत्त्वावर भाषा रचल्या. त्यांतील मिरांडा ही १९८५ सालची भाषा विशेष गाजली. पुढे १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत अशा सर्व प्रयत्नांसाठी एक सामाईक भाषा असावी असे ठरले, आणि १९९० साली त्या भाषेचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. हास्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ तिला हास्केल हे नाव देण्यात आले.

आता सांगड घालण्याकडे वळू. हास्केलमध्ये यासाठी जे फलन आहे, त्याचे नाव झिपविथ. कपड्याला लावायची झिप, जिला आपण घरात चेन म्हणतो, तिचे दोन बाजूंचे दात एकास एक असे गुंततात. त्यावरून हे नाव आले. या फलनाला तीन गोष्टी द्याव्या लागतात: एक क्रिया आणि दोन माला. ते प्रत्येक मालेतून एकेक मणी मागून घेते, त्या दोहोंवर ती क्रिया करते, आलेला मणी पुढे ठेवते, आणि उरलेल्या दोन मालांच्या सांगडीची हुंडी लिहून देते. नैसर्गिक संख्यांची माला तिच्या स्वतःशीच गुणाकाराने सांधली, तर एक, चार, नऊ, सोळा अशी वर्गांची माला मिळते. दोन्ही माला अनंत आहेत, त्यांतून निघणारी तिसरीही अनंत आहे. तरीही पहिले चार वर्ग मागणाऱ्याला चारच गुणाकारांची वाट पाहावी लागते.

तीन मालांसाठी वेगळे फलन आहे, चारांसाठी वेगळे आहे, आणि हास्केलच्या प्रमाणित ग्रंथालयात अशी फलने सात मालांपर्यंत दिलेली आहेत. नैसर्गिक संख्या, त्यांचे वर्ग आणि त्यांचे घन या तीन माला बेरजेने सांधल्या, तर ३, १४, ३९, ८४ अशी माला निघते. माला किती आहेत हे आधी ठाऊक नसेल, तर दुसरा मार्ग घ्यावा लागतो. पहिल्या दोन सांधाव्यात, निघालेली माला तिसरीशी सांधावी, ती चौथीशी, आणि असे शेवटपर्यंत जावे. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी सारखीच येत असल्यामुळे येथे उत्तराला बाध येत नाही. वजाबाकीच्या बाबतीत मात्र तसे नाही. तेथे कोणाच्या आधी कोण हे ठरवूनच सांगड घालावी लागते.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य दिसते ते माला स्वतःच्याच आधाराने वाढू लागते तेव्हा. बँकेच्या पासबुकाचे उदाहरण घ्या. आजची शिल्लक म्हणजे आजची जमा आणि कालची शिल्लक यांची बेरीज. म्हणजे शिलकांची माला ही जमांची माला आणि एक दिवस मागे सरकवलेली शिलकांचीच माला यांची सांगड होय. पहिल्या दिवसाच्या मागे शून्य ठेवले की झाले. जमा एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्यांच्या असतील, तर शिल्लक एक, चार, नऊ, सोळा अशी येईल. ज्या मालेची आपण व्याख्या करीत आहोत तीच व्याख्येत वापरली, हे प्रथमदर्शनी तर्कदुष्ट वाटते. परंतु प्रत्येक मणी आपल्या मागच्या, आधीच घडलेल्या मण्याकडेच बोट दाखवीत असल्याने येथे चक्र निर्माण होत नाही, पायऱ्या निर्माण होतात.

अशाच एका मालेचा आपल्या छंदःशास्त्राशी जुना संबंध आहे. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा, हे मात्रावृत्त वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. आता प्रश्न असा, की ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्यापूर्वी एक मात्रा कमी असलेली ओळ असते; गुरू असेल, तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज होते: १, २, ३, ५, ८, १३, २१. विरहांकाने हा नियम ओळखला होता, आणि हेमचंद्राने इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो स्पष्टपणे सांगितला. इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा आहे. जगात ही माला त्याच्या नावाने ओळखली जाते.

हास्केलमध्ये ही माला एका ओळीत लिहिता येते. प्रथम एक, मग दोन, आणि त्यानंतर ती माला व तिचा पहिला मणी वगळून उरलेली माला यांची बेरजेने घातलेली सांगड. वरच्या ओळीत १, २, ३, ५, ८ आणि खालच्या ओळीत २, ३, ५, ८, १३ असे मांडून पाहा. उभ्या बेरजा ३, ५, ८, १३, २१ येतात, आणि त्या म्हणजे मालेचाच पुढचा भाग. आरंभीचे दोन मणी हे येथे बियाणे आहे. ते दोन्ही हवेतच. पहिलाच मणी दिला आणि दुसरा सांगडीतून मिळेल अशी आशा धरली, तर दुसरा मणी घडवण्यासाठी पहिल्यात दुसराच मिळवावा लागेल. हुंडी वटवायला गेलेला माणूस तीच हुंडी हातात घेऊन परत येईल, आणि संगणक त्याच जागी फिरत राहील.

काम दुसऱ्यांदा न करण्याच्या नियमाचे मोलही येथे मोजून दाखवता येते. तीस मात्रांच्या ओळीच्या रचना १३,४६,२६९ होतात. ही संख्या, आधीचे काही न टिपून ठेवता, प्रत्येक वेळी मागच्या दोन संख्या नव्याने काढून शोधू लागलो, तर त्या फलनाला एकंदर १६,६४,०७९ वेळा हाक मारावी लागते. मालेच्या मार्गाने मात्र अठ्ठावीस बेरजा पुरतात. उत्तर तेच, व्याख्याही जवळजवळ तीच. फरक एवढाच, की घडलेला मणी दोऱ्यात राहिला.

दुसरे उदाहरण आणखी विस्मयकारक आहे. संगमग्रामाच्या माधवाने, म्हणजे केरळातील त्या थोर गणितज्ञाने, चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळात ज्या आणि कोज्या यांच्या अनंत श्रेढी शोधून काढल्या. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मलयाळम भाषेतील युक्तिभाषा या ग्रंथात त्यांची उपपत्ती दिली. अशा श्रेढीच्या सहगुणकांची एक माला मांडली, तर तिचे संकलन करणे, म्हणजे तिला एक, दोन, तीन या मालेने मण्यागणिक भागणे आणि आरंभी एक शून्य ठेवणे होय. आता ज्या म्हणजे कोज्येचे संकलन, आणि कोज्या म्हणजे एकातून ज्येचे संकलन वजा केलेले. दोन्ही माला एकमेकींवर अवलंबून आहेत, तरीही गाडी अडत नाही. ज्येचा पहिला मणी शून्य, कोज्येचा पहिला एक. त्या एकावरून ज्येचा दुसरा मणी एक येतो. त्यावरून कोज्येचा तिसरा उणे एक द्वितीयांश. त्यावरून ज्येचा चौथा उणे एक षष्ठांश. मग कोज्येचा एक चोविसांश आणि ज्येचा एकशेविसांश. मधले मणी शून्यच राहतात. माधवाची श्रेढी दोन वाक्यांतून आपोआप उलगडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेले डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही रीत फार सुबकपणे मांडली आहे.

एवढे सामर्थ्य पाहिल्यावर मर्यादाही पाहणे अगत्याचे आहे. कारण या सांगडीतील चुका आरडाओरडा करीत नाहीत. पहिली चूक तुटवड्याची. दोन मालांपैकी एक आधी संपली, तर सांगड तेथेच थांबते आणि लांब मालेचे उरलेले मणी मुकाट्याने गळून पडतात. अनंत मालेला मर्यादित मालेशी सांधताना हे सोयीचे असते; दहा नावांना अनुक्रमांक देण्यासाठी नैसर्गिक संख्यांची अखंड माला वापरली, तर अनुक्रमांक बरोबर दहावर थांबतात. पण ज्या दोन माला सारख्याच लांबीच्या असायला हव्या होत्या, त्यांत एक अपुरी निघाली, तर ही सोय घातक ठरते. पायथन भाषेत २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी सांगड मागणीनुसार चालते. आणि लांबी जुळली नाही तर तक्रार करावी, अशी सक्ती करण्याची सोय तीत २०२१ सालच्या ३.१० या आवृत्तीत आली. तेथे आणखी एक खोच आहे. एकदाच वाहणाऱ्या दोन प्रवाहांची सांगड घालताना पहिल्यातून मणी काढला आणि दुसरा संपलेला निघाला, तर तो काढलेला मणी परत जात नाही, तो हरवतो.

दुसरी चूक त्याहून कठीण आहे. समजा, दोन गावांच्या पर्जन्यमापकांवरील रोजच्या नोंदी आपण दोन मालांत ठेवल्या आणि त्यांतील फरकांची माला काढली. एका गावी एका दिवशी नोंद झाली नाही, आणि तेथे रिकामी जागा न ठेवता पुढचा आकडा ओवला गेला. त्या दिवसापासून पुढे प्रत्येक फरक हा एका गावचा आज आणि दुसऱ्या गावचा उद्या यांच्यातील फरक असेल. आकडे दिसायला नेहमीसारखेच दिसतील, तक्रार कोणी करणार नाही, आणि त्यावरून बंधाऱ्याचे पाणी केव्हा सोडायचे याचा निर्णय मात्र चुकेल. एकास एक सांगडीत मण्याची जागा हीच त्याची एकमेव ओळख असते. म्हणून गैरहजेरीचाही एक मणी असावा लागतो. किंवा प्रत्येक मण्यासोबत त्याची तारीख ओवून, तारखा जुळल्या तरच मणी जुळवावे लागतात.

तिसरी चूक दोन प्रकारच्या जोड्यांची गल्लत करण्याची. दोन, तीन आणि पाच किलो अशी वजने, आणि चाळीस, साठ व दहा रुपये असे भाव असतील, तर एकास एक सांगडीने ८०, १८० आणि ५० असे तीन आकडे येतात आणि बिल ३१० रुपयांचे होते. प्रत्येक वजनाची प्रत्येक भावाशी जोडी लावली, तर नऊ आकडे येतील. दोन्ही क्रिया गणितात मान्य आहेत. वाण्याच्या बिलात एकच मान्य आहे. अनंत मालांच्या बाबतीत दुसरा प्रकार विशेष फसवा ठरतो, कारण पहिल्या मालेचा पहिला मणी दुसऱ्या अनंत मालेच्या प्रत्येक मण्याशी जोडण्यातच सारा वेळ जातो आणि दुसऱ्या मण्याची पाळी कधीच येत नाही.

शेवटी आळसाचीही किंमत असते. न वटलेल्या हुंड्यांचा ढीग ही ती किंमत. कोणी मालेचा दहा लाखावा मणीच मागितला आणि मधल्यांची मूल्ये कधी विचारलीच नाहीत, तर मधल्या बेरजा न करता त्यांच्या चिठ्ठ्याच साचत जातात, आणि अखेरीस एका मण्यासाठी सारी थकबाकी एकदम फेडावी लागते. म्हणून हास्केलमध्येही योग्य जागी हे गणित आताच कर, असे सांगण्याची सोय ठेवलेली आहे. तसेच मालेचा आरंभ मुठीत धरून ठेवला, तर मागे पडलेला एकही मणी स्मृतीतून मोकळा होत नाही. आणि काही प्रश्न अनंत मालेला विचारायचेच नसतात. तिची लांबी किती, तिचा शेवटचा मणी कोणता, तिची एकंदर बेरीज किती, यांची उत्तरे देण्यास निघालेला संगणक परत येत नाही. शंभराहून लहान अशा सर्व संख्या निवड, असे नैसर्गिक संख्यांच्या मालेला सांगितले, तर नव्व्याण्णवनंतरही तो शोधीतच राहतो, कारण माला चढती आहे हे त्याला ठाऊक नसते. शंभर आले की थांब, असे सांगितले तर थांबतो. माणसाच्या दृष्टीने या दोन आज्ञांत फरक नाही. यंत्राच्या दृष्टीने एकीला शेवट आहे आणि दुसरीला नाही.

तेव्हा अशी सांगड घालणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माला एकाच ठिकाणाहून सुरू होतात काय? प्रत्येक जागी काही ना काही आहे काय? आधी कोण संपणार आणि ते आपल्याला चालणार आहे काय? आणि माझी मागणी नेमकी कोठे थांबते? या चारही प्रश्नांची उत्तरे यंत्राजवळ नसतात. ती माला कशाची आहे हे जाणणाऱ्या माणसाजवळ असतात. हेमचंद्राला मात्रांचा अर्थ ठाऊक होता, माधवाला ज्येचा. यंत्र मागितलेले मणी बिनचूक घडवून देईल. कोणता मणी कोणाच्या शेजारी ओवायचा, हे मात्र ओवणाऱ्यालाच ठरवावे लागते.